वजा वीस

बाबांचा उभा जन्म नकाशे काढण्यात गेला. छातीच्या दुखण्यानं ते पार खंगले, तरी हातातली पेन्सिल काही सुटली नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. दम न लागता किती पावलं झाली, ते दर आठवड्याला बाबा आलेखाच्या कागदावर मांडत. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर पावलं. सहा आठवड्यांत टिंबं सरळ ओळीत उतरली. बाबांनी पट्टी लावून रेघ ओढली आणि कागद लेकीपुढे सरकवला.

"हिचं समीकरण काढ."

लेक गणिताची बाई. वर्षानुवर्षं पोरांकडून हेच करून घेत आलेली. पण ही रेघ खाली उतरताना तिला दिसत होती. पेपर तपासायचेत, नंतर बघू, असं म्हणून पाहिलं. बाबा ऐकतात कसले! शेवटी तिनं लिहिलं: पावलं म्हणजे दोनशे चाळीस वजा दहा गुणिले आठवडे.

बाबांनी चष्मा सावरला. "दुसऱ्या आठवड्यात दोनशे, सहाव्यात एकशेवीस. चार आठवड्यांत ऐंशी गेली. पोरांनी चढ असा चुकवला तर मार्क देतेस?"

तिनं खाली मान घालून दहा खोडलं, वीस केलं.

"म्हणजे बाराव्या आठवड्यात शून्य," बाबा म्हणाले.

औषध बदललंय, शरीर काही रेघेवर चालत नाही, असं ती बोलत राहिली. तिचं तिलाच ते पोकळ वाटत होतं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, भावाला कळव. जहाजावरून सुट्टी मिळायला वेळ लागतो. तिनं त्याच दिवशी फोन केला. दहाव्या आठवड्यात येतो, म्हणाला.

नवव्या आठवड्यात समीकरणाप्रमाणे साठ पावलं व्हायला हवी होती. बाबा पलंगाचा कठडा धरून उभे राहिले, आणि एकही पाऊल न टाकता खाली बसले. उद्या परत बघू, ती म्हणाली.

"आजचं टिंब आज दे," बाबा म्हणाले.

तिनं शून्यावर टिंब दिलं. ते रेघेच्या बरंच खाली पडलं.

भाऊ आला तोवर बाबांचं बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. स्वयंपाकघरात त्यानं हळूच विचारलं, "ताई, अजून काय करता येईल?"

बाबांना टेकून बसता यावं म्हणून पाठीशी उशा कशा लावायच्या, तेवढं तिनं त्याला दाखवलं.