कडूचं खरं वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. नाकं मुरडू नका. मी भाजीच्या दुकानातला काटा नव्हे, लहान पोरांची वजनं करायचा, वर टांगायचा काटा. माझं तोंड गोल आहे, मध्ये काळी सुई आहे आणि खालच्या हुकाला कापडाची झोळी बांधतात. झोळीत मूल ठेवलं की माझ्या पोटातली स्प्रिंग ताणली जाते, सुई फिरते आणि थांबते. थांबली, की तो आकडा खरा. यात माझं काही मोठेपण नाही, मला दुसरं काही येतच नाही. आणि तरीही आज मी अकोले तालुक्याच्या एका कचेरीच्या अडगळीत, मोडक्या खुर्च्यांखाली पडलो आहे आणि माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली आहे, 'काटा सदोष'. सदोष! आणि मी! ऐकाच आता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाले गृहस्थ प्रत्येक काट्याला पाच किलो, दहा किलो लावून बघायचे. माझ्याबरोबरचे सात जण त्यांनी परत पाठवले. मला मात्र पाठीवर थाप मारून खोक्यात घातलं. मी या जिल्ह्यात आलो तेव्हा त्याचं नाव अहमदनगर होतं, माझ्या पाठीवर रंगानं अजून तेच लिहिलेलं आहे. नगरहून टेम्पोने अकोल्याला आलो आणि तिथून जीपने घाट चढून हिरडवाडीला. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला तीस-चाळीस घरांची वाडी, उतारावर भाताची खाचरं आणि अंगणवाडीची एक खोली. त्या खोलीच्या तुळईला मला पंकजाताईंनी टांगलं.

पंकजाताई म्हणजे तिथल्या अंगणवाडी सेविका. आवाज खणखणीत आणि कामाला वाघ. पण पहिल्या दिवशी एकही बाई आपलं मूल झोळीत ठेवायला तयार होईना. रंगुबाई नावाची आजी तर दारातच ठाण मांडून बसली.

"पोरं काय वांगी हायेत व्हय जोखायला? दिष्ट लागती!"

"बरं मावशी, मग आधी तुमची कोंबडी जोखू," ताई म्हणाल्या. आणि खरंच, रंगुबाईची तांबडी कोंबडी माझ्या झोळीत बसली! दीड किलो भरली. सगळी वाडी खो खो हसली. पुढल्या महिन्यात कोंबडी धडधाकट आहे हे बघून बायका आपापली पोरं घेऊन आल्या.

ते दिवस चांगले होते. पोरं झोळीत रडायची, हसायची, मुतायचीसुद्धा. एखाद्याचं वजन वयाच्या मानानं फारच कमी भरलं की ताईंच्या मोबाईलमध्ये त्याच्या नावापुढे लाल खूण यायची. अशा लाल पोरांसाठी सरकारकडून जादा आहाराचे पैसे येत. मग ते मूल दिवसभर अंगणवाडीतच राहायचं आणि पाच-सहा वेळा थोडं थोडं खायचं. अंडं, तेल घातलेली खिचडी, शेंगदाण्याचा लाडू. महिन्याभरात माझी सुई पुढे सरकायची, कधी शंभर ग्रॅम, कधी दोनशे. तुम्ही म्हणाल, दोनशे ग्रॅम म्हणजे दोन बटाटे! पण त्या दोन बटाट्यांसाठी ताई टाळ्या वाजवायच्या आणि मूल उचलून नाचायच्या.

मग कुठंतरी माशी शिंकली. दर महिन्याला अकोल्यात सेविकांची बैठक असे. एकदा ताई तिथून आल्या त्या डोळे सुजवूनच.

"सगळ्यांदेखत उभं केलं मला," त्या रंगुबाईला सांगत होत्या. "म्हणे सगळी लाल पोरं तुमच्याच वाडीत कशी? कामं करता का झोपा काढता?"

त्या महिन्यात एका पोराला मी सात किलो नऊशे दाखवलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि मोबाईलमध्ये आठ किलो दोनशे भरलं. लाल खूण गेली.

"खायला तर मी घालतेच ना त्याला," त्या पुटपुटल्या. "मोबाईलमध्ये लाल काय न् हिरवं काय!"

आणि घालतही होत्या, हो. अंडं कुणाचं चुकलं नाही. म्हणून तर मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. पण एकदा वाढवलेलं वजन पुढल्या महिन्यात कमी कसं करायचं? मोबाईलमधलं मूल दर महिन्याला वाढतच राहिलं पाहिजे. एका पोराचं दोघांवर गेलं, दोघांचं दहांवर. वर्षअखेरीला हिरडवाडीत एकही लाल मूल उरलं नाही. ताईंना शाल मिळाली, नारळ मिळाला, 'कुपोषणमुक्त वाडी' असं प्रमाणपत्र मिळालं. ते त्यांनी चौकटीत घालून माझ्या शेजारीच खिळ्याला लावलं. मी शरमेनं मान खाली घातली असती, पण मला टांगलेलं होतं.

मार्चमध्ये राज्याचं बजेट आलं. बजेट म्हणजे सगळ्यांचा पैसा आधी कशाला लावायचा आणि नंतर कशाला, ते ठरवणं. म्हणजे तेही वजनच करणं, मित्रांनो. ताईंनी मोबाईल धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता, भाषण चालू होतं आणि त्या हरभरे निवडत होत्या. रस्ते आले, विमानतळ आला, उद्योग आले, विकासाचा दर आला. बाकं वाजत होती.

"आपलं नाव निघालं का गं?" रंगुबाईनं विचारलं.

"आपलं कसं निघंल, मावशी? तिथं सगळ्या राज्याचं असतंय."

आपलं नाव निघालं नाही, पण आपली गोष्ट निघाली. जादा आहाराचा पैसा यापुढे जिथे लाल मुलं आहेत तिथेच जाईल, असं ठरलं. ऐकायला किती शहाणपणाचं! ताईंच्या हातातले हरभरे तसेच राहिले. हिरडवाडीत लाल मुलं होती शून्य, आणि ते शून्य आम्हीच पाठवलं होतं.

एप्रिलपासून अंडी बंद झाली. शेंगदाण्याचा लाडू बंद झाला. रोजचा आहार तेवढा राहिला, पण अशक्त पोरांचं त्यानं भागत नाही. खाली घाटात त्याच महिन्यात यंत्रं आली, रस्ता रुंद व्हायला लागला. रस्ता नको असं मी म्हणत नाही, आजारी माणूस रस्त्यानंच खाली जातो. पण आपल्यात म्हण आहे ना, आधी पोटोबा, मग विठोबा. देवालासुद्धा थांबायला सांगणारी माणसं आपण, आणि पोटालाच थांबायला सांगून बसलो.

आता कडूबद्दल सांगतो, आणि हे सांगताना माझी स्प्रिंग अजूनही दुखते.

कडू म्हणजे रंगुबाईची नात, कडूबाई. वय अडीच वर्षं. तिच्याआधीची दोन भावंडं वर्षाच्या आतच गेली होती, म्हणून रंगुबाईनं हिचं नाव कडू ठेवलं. कडू वस्तू कुणी तोंडात घालत नाही, तसं मरणही हिला तोंड लावणार नाही, असं तिचं म्हणणं. आईबाप नारायणगावला टोमॅटो तोडायला गेलेले, पोर आजीजवळ. कडू बोलायला चुरचुरीत होती. मला ती 'तातामामा' म्हणायची, म्हणजे काटामामा. मला आजवर कुणी नातं लावलं नव्हतं, मित्रांनो.

मार्चमध्ये कडू साडेआठ किलो होती, ताईंनी नऊ किलो शंभर भरलं होतं. मेमध्ये मी आठ किलो दाखवलं. जूनमध्ये सात किलो आठशे. झोळी दर महिन्याला हलकी यायची आणि मोबाईलमधली कडू दर महिन्याला जड व्हायची. ताई घरची अंडी आणून तिला घालायच्या, पण ताईंच्या घरी कोंबड्या किती आणि वाडीतली पोरं किती! पावसाळ्यात कडूला हगवण लागली. ती मामा म्हणायची थांबली. मग काहीच म्हणायची थांबली.

जुलैच्या वजनाला मी सात किलो तीनशे दाखवलं.  या वेळी ताईंनी खरा आकडा भरला. मोबाईलनं तो घेतला नाही. मागच्या महिन्यात नऊ किलो सहाशे आणि आज सात किलो तीनशे? 'वजन पुन्हा तपासा,' असं आलं. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. पाच वेळा भरलं. अरे, खरं आहे ते, घे की! मी मनातल्या मनात बोंबलत होतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कडूला बघून सांगितलं, हिला तालुक्याच्या बाल उपचार केंद्रात आजच्या आज दाखल करा, अंगणवाडीच्या कचेरीतून चिठ्ठी आणा. आणि चिठ्ठी निघते मोबाईलमध्ये मूल लाल असेल तर. ताईंनी मला तुळईवरून काढलं आणि पिशवीत घातलं. रंगुबाईनं कडूला पदरात गुंडाळलं आणि आम्ही चौघं जीपने अकोल्याला निघालो.

कचेरीत धनश्री मॅडम होत्या, सेविकांच्या वरच्या पर्यवेक्षिका. माणूस वाईट नव्हे, पण वरून दट्ट्या बसला की खाली दटावणारी. ताईंनी मला दाराच्या वरच्या कडीला अडकवलं आणि कडूला झोळीत ठेवलं. ती रडलीसुद्धा नाही. मी सगळ्यांदेखत सात किलो तीनशे दाखवलं. रंगुबाईनं तिला काढून मांडीवर घेतलं.

मॅडमनी मोबाईल उघडला. "इथे नऊ किलो सहाशे आहे, ताई."

"ते मी खोटं भरलंय, मॅडम. वर्षाच्या वर खोटं भरतेय, हिचं न् दुसऱ्यांचं बी. मला कामावरनं काढा, पण हिला खाट द्या."

मॅडम काही बोलण्याआधी रंगुबाई बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं, ती अगदी हळू बोलली.

"तू मला सांगत हुतीस, पोर वाढतीया. मला दिसत हुतं न्हाई वाढत. पर मी म्हनलं, शिकलेली बाई हाय, मशीन हाय, माजंच डोळं गेलं आसंल. पंकजे, मी माज्या डोळ्यांवर इस्वास न्हाई ठिवला गं."

पंकजाताई तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडल्या. रंगुबाईनं पाय मागे घेतले नाहीत, की त्यांना उठवलंही नाही.

मॅडमनी दार लोटलं. "तुम्हाला कामावरून काढून काय होईल? चौकशी लागेल. ती संपेपर्यंत वाडीच्या सगळ्या नोंदी थांबतील. ही तोवर थांबेल का?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकच वाट आहे. काटा बिघडलेला होता, असं लिहून द्या. मागची सगळी वजनं रद्द होतील. आमच्या काट्यावर नवं वजन घेते आणि आत्ता चिठ्ठी देते."

"ह्यानं कधी खोटं दाखवलं न्हाई, मॅडम. माझ्या पापात ह्याला कशाला?"

"काट्याला पोट नाही, ताई. तुम्हाला आहे."

ताईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला संताप आला. जन्मभर एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही, आणि शेवटी माझ्या नावावर हे? मग रंगुबाईच्या मांडीवर कडूची मान कलंडली. माझा संताप तिथेच संपला. लिहा, ताई, लिहा! काटा सदोष, काटा खोटा, काटा हरामखोर, काय हवं ते लिहा, पण लवकर लिहा!

ताईंनी सही केली. रंगुबाई चिठ्ठी मुठीत धरून धावत सुटली. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि तेच बरोबर होतं. संध्याकाळी शिपायानं माझ्या गळ्यात ही चिठ्ठी बांधली आणि मला अडगळीत टाकलं.

दीड-दोन महिन्यांनी ताई कसली तरी पेटी ठेवायला या खोलीत आल्या. मला पाहून थबकल्या. पदरानं त्यांनी माझ्या काचेवरची धूळ पुसली.

"कडू आठ किलो शंभर झाली रे," त्या म्हणाल्या. "हिंडाया लागली. तातामामा कुठंय, म्हणून इचारती."

मला वाटलं आता त्या हसतील, पण त्या पेटीवर बसल्या आणि तोंडात पदर घालून रडायला लागल्या. वाडीत नवा काटा गेला होता. नव्या काट्यानं तेच दाखवलं, जे मी दाखवत होतो. अकरा मुलं लाल. ताईंनी या वेळी अकराच्या अकरा खरी भरली. उपचार केंद्रातल्या खाटा भरलेल्या आहेत. आणि वाडीच्या जादा आहारासाठी वरून उत्तर आलं की प्रस्ताव चांगला आहे, पुढच्या बजेटमध्ये बघू. बजेट मार्चमध्ये येतं. आत्ता सप्टेंबर चालू आहे.

"त्या अकरातलं एक सहा किलोचं हाय," ताई म्हणाल्या. "मी त्याला काय सांगू? मार्चपर्यंत दम काढ म्हणू?"

मित्रांनो, मी मोडीत निघालेला काटा, आज ना उद्या भंगारवाला मला नेईल. तुमच्यातलं कुणीतरी मात्र मोठं होऊन त्या सभागृहात बसेल, जिथे रस्त्याला किती आणि अंड्याला किती ते ठरतं. तुमच्यासमोर कागद येतील. एखाद्या वाडीपुढे शून्य लिहिलेलं असेल. बाकं वाजवण्याआधी तेवढं त्या वाडीत जाऊन या. तिथलं कुठलंही एक मूल दोन्ही हातांनी उचलून कडेवर घ्या. त्याला काटा लागत नाही, मोबाईल लागत नाही. हलकं मूल हाताला कळतं.

आणि कळलं, की मार्चची वाट बघू नका.