एच. पी.चा कॉर्नेट

"आणि हे एच. पी. काय आहे, काका?" कॉर्नेटच्या, त्या फुंकायच्या पितळी बाजाच्या, नळीवरची काजळी अंगठ्याने पुसत अश्विनने विचारलं.

"हॉर्सपॉवर," बारकू म्हणाला. "आणखी काय?"

अश्विनला हसू फुटलं. बारकूला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या या टपरीवजा दुकानात त्याचा उभा जन्म पाण्याच्या मोटारी उघडण्यात गेला होता. ज्या धातूवर एच. पी. कोरलेलं असतं त्यात ताकद असायचीच, हा त्याचा अनुभव. ऐन तारुण्यात मनमाडला रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाचं सामान विकायला निघालं, तेव्हा हा जुना बाजा त्यानं ती दोन अक्षरं बघूनच उचलला होता. किती हॉर्सपॉवर ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं, याची त्याला आजतागायत चुटपुट होती.

अश्विन एका शाळेत बँड शिकवायचा आणि फावल्या वेळात जुनी वाद्यं शोधत हिंडायचा. आला होता मोटार दुरुस्तीला, पण भिंतीवरचा कॉर्नेट दिसला आणि मोटार विसरला.

"विलायती आहे. शंभरीच्या पुढचा असणार. पण पिस्टन इतके मोकळे कसे?"

"तेल देतो की. पिस्टन म्हटल्यावर तेल आलंच."

"म्हणजे वाजवता?"

"दात कुठंयत वाजवायला? आन दात होते तवा तरी काय उजेड पाडला?" बारकूनं स्टूल पुढे सरकवलं. "तुम्ही वाजवा, दादा. मी बेसूर माणूस हाय."

नाव-गाव सांगावं तसं तो हे सांगायचा, आणि अश्विनलाही त्यानं मागची सगळी गोष्ट सांगितली. सुरगाण्याहून नाशकात आला तेव्हा तो दिवसा मोटारींचं काम शिकायचा आणि लग्नसराईत एका बँडमध्ये लागला होता. बाकीच्यांचे बाजे मेरठला घडवलेले, नवेकोरे. याचा एकट्याचा हा जुना. बँडच्या गेणू मास्तरांनी कान पिळले, शिव्या घातल्या, समजावूनही पाहिलं. शेवटी पंचवटीतल्या एका वरातीत त्यांनी भर रस्त्यात वाजप थांबवलं, नवरदेवाच्या घोड्यापुढे त्याच्या तोंडातून कॉर्नेट ओढून काढला आणि म्हणाले, "बारक्या, तुझ्या कानात सूरच नाय. देवानं दिला नाय, तर मी कुठून घालू?" वरात हसली. घोड्यावरचा नवरासुद्धा हसला. त्यानंतर बारकूनं बाजा भिंतीला टांगला आणि हातात फक्त पाना ठेवला.

अश्विनने मोबाइलवर सूर मोजायचं काहीतरी लावलं आणि एक लांब सूर धरला. बारकूच्या अंगावर काटा आला. तोच आवाज. मोकळा, भरदार, आणि सगळ्या जगापेक्षा जरासा वर.

"चढतोय," बारकू पुटपुटला. "तवाबी असाच चढायचा."

"सूर उतरवायला नळी ओढून पाहिली होती?"

"ओढली की. मंग बाकीचे सूर फाटायचे."

अश्विन मोबाइलकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, एच. पी. म्हणजे हाय पिच. पूर्वी विलायतेतल्या बँडचा सूरच चढा असायचा. पुढे सगळ्यांनी खालचा धरला. हा त्या जुन्या सुराचा आहे. मेरठच्या बाजांशेजारी हा कुणीही वाजवला तरी चढाच बोलणार. मी वाजवला काय आणि तुमच्या मास्तरांनी काय."

"म्हंजी बाजा बिघडलेला?"

"छे! स्वतःच्या सुरात अगदी बरोबर आहे."

"आन मी?"

"तुम्हाला चढलेलं ऐकू आलं ना लगेच? बेसूर माणसाला ते कळतच नाही, काका."

अश्विनला वाटलं, आपण म्हाताऱ्याला मोठीच खूशखबर दिली. कॉर्नेटचे चार फोटो काढून, मोटार ठेवून तो आनंदात निघून गेला.

बारकूला खरं तर गेणू मास्तरांचा राग यायला हवा होता. पण मास्तर कधीच गेले, आणि राग काही आला नाही. त्याला आठवली ती पल्लवी. लेक आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात गाण्यासाठी तिला निवडलं होतं. शाळेतल्या बाई मुद्दाम घरी विचारायला आल्या. बारकूनं त्यांच्यापुढे हात जोडले आणि नाही म्हटलं. मग रडणाऱ्या पोरीला जवळ घेऊन समजावलं, "आपल्या रक्तात सूर नाय, बाय. चारचौघांत हसं होईल." वरातीतलं ते हसू तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मायेनं सांगितलं, म्हणून तिलाही ते पटलं. पुढे स्वतःच्या लेकरालासुद्धा तिनं नुसतं थोपटूनच झोपवलं.

आता ती सुरगाण्याकडे अंगणवाडी सेविका होती. त्यानं फोन लावला.

"आबा? बरं हाय ना?" मागे पोरांचा गलका होता आणि स्पीकरवर कुठलंसं बडबडगीत लागलं होतं.

"पोरांना गाणं तू म्हणत नायस का गं?"

"मी?" ती हसली. "पळून जातील ना पोरं. आपल्यात कुठं सूर हाय!"

मग त्यानं सांगितलं. हाय पिच, मनमाडचा बाजा, मेरठचे बाजे, सगळं उलटसुलट, धापा टाकत. शेवटी म्हणाला, "सूर होता, पल्लवी. माझ्यात होता. तुझ्यात तर असणारच. चूक झाली माझी."



"आबा, शाळेतल्या बाई तवा घरी येऊन तेच तर सांगत होत्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बारकूला बरं वाटलं असतं.

"आता म्हण," तो कसाबसा म्हणाला. "एक ओळ म्हण. मी ऐकतो."

तिनं घसा खाकरलेला त्याला ऐकू आला. त्यानं श्वास रोखून धरला.

"नाय येत, आबा," ती म्हणाली. "सुरू कुठून करायचं तेच कळत नाय."

तेवढ्यात स्पीकरवरचं गाणं संपलं. पोरांनी परत लावा म्हणून एकच ओरडा केला, आणि पल्लवीनं बटण दाबलं. कुणा परक्या बाईच्या गोड आवाजात तेच गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

"ऐकू येतंय का, आबा? पोरांना लय आवडतं हे."

"येतंय," बारकू म्हणाला, आणि ते संपेपर्यंत फोन कानाला धरून बसला.