वळल्याची कार्डं

राजवीर दहा महिन्यांचा झाला तरी हाकेला नीट वळत नव्हता. म्हणजे कधी वळायचा, कधी नाही. कानांच्या तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. "तोवर घरी लक्ष ठेवा, लिहून आणा," असं फोनवर सांगितलं.

लिहून ठेवणं मला येतं. प्राचीन अरामाईक भाषेवर माझी पीएच.डी. चाललीय. त्या भाषेत 'कोल' म्हणून एक शब्द आहे, 'सगळं' किंवा 'कोणतंही' अशा अर्थाचा. पुढच्या नामाच्या शेवटी 'आ' असला की ते नाम निश्चित होतं. 'कोल अर्आ' म्हणजे अख्खी पृथ्वी. 'आ' नसला तर 'कोल एनाश', कोणीही माणूस. जुन्या लेखांत, पत्रांत असं वाक्य सापडलं की त्याचं एक कार्ड. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत चपलांची खोकी या कार्डांनीच भरलीत.

"मेलेल्या भाषंत डोकं घालून बसतीस, त्यापरास पोराशी बोल की," सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, म्हणायच्या.

"बोलते की, आत्ती."

"त्येचा बाप बी तीन वर्सं बोलला न्हवता. आता बघ, थांबतोय का!"

मी एक रिकामं खोकं घेतलं. दार आपटलं, दचकला. आत्तींनी मागून हाक मारली, वळला. तारीख, वेळ, सगळं लिहिलं. एकसष्ट कार्डं जमली. नवऱ्याला, उदयसिंहला, दाखवली तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला.

तपासणीच्या खोलीत कान तपासणाऱ्या मुलीनं कार्डं मन लावून वाचली.

"छान लिहिलंय, ताई. वळला नाही, ती कुठंयत?"

तसलं एकही कार्ड मी केलं नव्हतं. जे लिहिलेलं सापडतं त्याचंच कार्ड करायचं, सहा वर्षं मी हेच करत आले होते. राजवीर पाठमोरा खेळत राहायचा, मी हाका मारत राहायचे, आणि पेन हातात तसंच.

"अंदाजे किती वेळा?"

"लई येळा," सोबत आलेल्या आत्ती म्हणाल्या. एरवी गल्लीभर जाणारा त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "आन् मी हाक मारायच्या आदी फरशीवर पाय आपटायची. फरशी हादरली की तवाच वळायचा त्यो. तुझं कार्ड व्हावं म्हून गं."

मुलीनं खोक्याचं झाकण लावलं. तपासणीसाठी बाळ झोपलेलं लागतं, म्हणाली, आणि दिवा मंद केला. मी राजवीरला मांडीवर घेतलं. अंगाईसाठी तोंड उघडलं, आणि मग नुसतीच थोपटत राहिले.