पाठमोरा ओटा

शिवदासने दोरीची शेवटची गाठ सोडली आणि गावकीच्या नव्या घराच्या पश्चिमेच्या बाजूला आडोशाला बांधलेलं जुनं शीड खाली आलं. त्या बाजूला भिंत ठेवलेलीच नव्हती. सागाचे खांब, त्यांच्यामध्ये बसण्याजोगा बुटका कठडा आणि पलीकडे एकदम दर्या. जमलेली माणसं कठड्याकडे सरकली. मग गावकीचे पाटील रावजी पुढे झाले, कठड्यावर हात टेकून बसले आणि हळूच म्हणाले,

"भायेरचा दर्या पार घरात आला की रं."

माणसं हसली. बायका आत आल्या, पोरं खांबांना धरून गोल फिरू लागली. शिवदास मात्र दाराकडे पाहत होता. त्याची थोरली बहीण भागुबाई पूजेचं ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने समोर पाहिलं. ताट तिथेच खाली ठेवलं, पदर कपाळावर ओढून घेतला आणि ती आली तशी परत फिरली.

आई गेल्यावर भागुबाईनेच त्याला वाढवलं होतं. डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन ती गावोगाव फिरली आणि भाऊ मुंबईत नकाशे काढायला शिकला. एका इंजिनिअरच्या कचेरीत त्याने बरीच वर्षं गोदामं आणि पेढ्या रेखाटल्या. मंदीच्या साली तिथली माणसं कमी केली, तेव्हा तो आगबोटीने दिघी बंदराला उतरला आणि बंदराच्या खालच्या अंगाच्या आपल्या वाडीत, बहिणीच्या घरी राहायला आला.

वाडीच्या सभा तोवर मासळी वाळवायच्या खळ्यावर भरत. उन्हात माणसं तापत आणि भांडणं वाढत. रावजींनी गावकीसाठी घर बांधायचं काढलं, तेव्हा शिवदासला वाटलं, आपण आजवर शिकलो ते याचसाठी. कितीतरी दिवस तो नुसता किनाऱ्यावर फिरला. वारा कुठून येतो, उंडीच्या झाडांची सावली दुपारी कुठे पडते, हे त्याने पाहून ठेवलं. भांडायला बसलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढे पाणी असावं, होडीची वाट पाहणाऱ्या बाईला सावलीत बसून शीड दिसावं, असं त्याच्या मनात होतं. जांभ्याचे चिरे डोंगरातून आले, कौलं मचव्यातून आली. सगळी वाडी राबली. भागुबाईसुद्धा इतर बायकांबरोबर डोंगराच्या बाजूने चिरे वाहत होती.

पूजा आटोपून तो घरी गेला. ती पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. डोकं दुखतंय, एवढंच म्हणाली. खरं काय ते त्याला विहिरीवर तिच्या मुलीकडून, तुळशीकडून कळलं.

"आय दर्या बगत न्हाय, मामा," तुळशी रहाट ओढता ओढता म्हणाली. "बाबा गेला तवापासून."

तुळशीचा बाप भिकू याची होडी वादळात फुटली होती, आणि तो शेवटपर्यंत सापडला नव्हता. शिवदास तेव्हा मुंबईहून येऊन गेला होता, कचेरीतून रजा मिळाली तेवढे दिवस. तुळशी सांगत गेली तशा त्याला एकेक गोष्टी दिसू लागल्या. बाजाराला जाताना भागुबाई किनाऱ्याची वाट सोडून भातखाचरांच्या बांधावरून लांबून जायची. घराच्या पडवीची पश्चिमेची बाजू बारमाही झावळ्यांच्या झापाने बंद असायची. वाऱ्यासाठी असेल, असं धरून यंदा त्यानेच तो कुजलेला झाप काढून नवा, घट्ट विणलेला बसवला होता. ती तेव्हा जवळ उभी राहून बघत होती, आणि चांगला झालाय म्हणाली होती.

संध्याकाळी जेवताना त्याने सांगितलं की पश्चिमेला भिंत घालू, गावकीला मी समजावतो. भागुबाईने त्याच्या ताटात भात वाढला.

"नको. गोदूचा दादला दर्यावरनं रोज माघारी येतोय. तिला बगू दे."

"आन तू?"

"माझं काय," ती म्हणाली आणि आमटी आणायला उठली.

मग त्याने कुणाला न विचारता गावकीच्या इमारतीच्या मागच्या अंगाला एक ओटा बांधला. उरलेले चिरे त्याने स्वतः वाहिले. पाठीला इमारतीची भिंत, समोर भाताची खाचरं आणि त्यामागे डोंगर. वर छपराची वळचण पुढे ओढून सावली केली. भिंतीतली खिडकी तिथेच येत होती, त्यामुळे आतलं बोलणं बाहेर ऐकू येणार होतं. बहिणीला पाय लांब करून ऐसपैस बसता येईल, एवढा तो ओटा झाला. बसायला मागे जागा केलीये, एवढंच त्याने तिला सांगितलं.

शिमग्याच्या आधीची सभा भरली. आत कठड्यावर दाटी झाली होती, गोदू लेकराला मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत होती. बोलणं रंगात आलं तसा शिवदास उठला आणि इमारतीला वळसा घालून मागे गेला.

भागुबाई ओट्यावर बसली होती. तिच्या खांद्याला खांदा लावून राही बसली होती. राहीचा मुलगा बुडाला होता, हे शिवदासला ठाऊक होतं. तिच्यापलीकडे कोकिळा. ही तापट आहे म्हणून कधी सभेला येत नाही, असं तो आजवर समजत आला होता. तिघी दर्याकडे पाठ करून आकसून बसल्या होत्या आणि खिडकीतून येणारं बोलणं ऐकत होत्या. आत होळीच्या खोडाचा विषय निघाला, तेव्हा कोकिळेने बाहेरूनच खणखणीत आवाजात आपलं म्हणणं सांगितलं, आणि आतून कुणीतरी ते मान्य केलं.

इतक्यात बांधावरून काठी टेकत म्हातारी ठमाबाई आली. ओटा भरलेला बघून ती थांबली आणि मागे वळू लागली. भागुबाई उठली. म्हातारीला हाताला धरून तिने आपल्या जागी बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा तिला कोपऱ्यावर उभा असलेला भाऊ दिसला.

"ओटा माझ्या एकलीपुरताच धरलास व्हय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

शिवदासने ओट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आत रावजी बोलायला उभे राहिले होते. या घराने वाडी एका ठिकाणी आणली, असं ते त्याचं नाव घेऊन सांगत होते, आणि खिडकीपाशी त्यातला शब्दन् शब्द ऐकू येत होता.