रडका फोटो आणि मी

मी एक जुना, गोल, फिरणारा स्टूल आहे. फोटोवाल्या काकांच्या दुकानात, पांढऱ्या पडद्यासमोर असतो. तुमच्यापैकी कुणी ओळखपत्राचा फोटो काढायला आलं असेल, तर माझ्यावरच बसलं असेल. चेहरा विचारू नका. मित्रांनो, माझ्या वाट्याला कुणाचा चेहरा येतच नाही.

माझा जन्म वेल्डिंगच्या दुकानातला. तीन लोखंडी पाय, मधे जाड आट्यांचा स्क्रू, वर फळी, फळीवर काथ्या आणि त्यावर काळंभोर रेक्झिन. काकांना कॅमेरा त्यांच्या मामांनी दिला होता, पण मला त्यांनी स्वतः समोर उभं राहून बनवून घेतलं. काय दिवस होते! बाळं, नवी जोडपी, नोकरीला लागलेली पोरं, सगळे माझ्यावर बसून गेले. मुलं तर मला गरगर फिरवायची आणि आयांच्या ओरड्याने थांबायची. मला जाम आवडायचं ते.

मग मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा. इतकी वर्षं लोक माझ्यावर जे टेकवायचे ते टेकवायचे, आता त्यांनी पाठच फिरवली. माझं रेक्झिन फाटलं. काथ्या एका बाजूने निघून गेला. बसणारा माणूस डावीकडे कलायचा आणि काका कॅमेऱ्यामागून म्हणायचे, "जरा उजवीकडे... अजून... जाऊ दे, हा स्टूलच आता भंगारात द्यायला झालाय."

दर फोटोला हे ऐकायचं. कसं वाटत असेल सांगा.

आता दुकानात यायचे ते फक्त अर्जवाले. कुणाला पेन्शनच्या अर्जाला फोटो हवा, कुणाला शिष्यवृत्तीला. आणि एक गंमत सांगतो. अर्जाचा फोटो म्हटलं की माणसं माझ्यावर बसताना आपोआप खांदे पाडायची. मागायला चाललोय, तर तसं दिसायला नको?

एकदा दोघीजणी आल्या. नणंद-भावजय. पुढे नणंद, तिचं तोंड चालू. मागे भावजय, गप्प. भावजयीचा नवरा गाड्यांच्या सीट शिवायचा आणि ती त्याच्या बरोबरीने शिवायची. नवरा आजारपणात गेला. शिवायचं मोठं यंत्र भाड्याचं होतं, ते मालक घेऊन गेला. घरच्या छोट्या मशीनवर रेक्झिन घातलं की सुई मोडते. म्हणजे हातात कला आहे, दारात गिऱ्हाईक आहे आणि काम करता येत नाही.

हे मला कसं कळलं? नणंदेमुळे. ती काकांना सगळं सांगत होती, काकांनी विचारलेलं नसताना.

"अहो, मी मुलाचा दाखला आणायला कार्यालयात गेले होते. तिथे भिंतीवर कागद. त्यावर कुणी शहाण्याने रंगवाल्याची जाहिरात चिकटवलेली. मी नखाने खरवडून वाचलं! एकटीने घर चालवणाऱ्या बाईला कामाचं यंत्र घ्यायला सरकार अनुदान देतं. म्हटलं, ही तर आमची वहिनीच!"

"मला नको वाटतं हो वन्सं," वहिनी हळूच म्हणाली. "फुकटचं घ्यायचं म्हणजे..."

"फुकटचं? दादाने जन्मभर कर भरला नाही का? बस त्या स्टुलावर. आणि ते कानातलं काढ आधी. केस विस्कट. आता तोंड पाड."

वहिनीने पाडलं.

"एवढ्याने काय होतंय? अजून पाड. आठवडाभर पोटात काही नाही असं दिसू दे."

काका म्हणाले, "ताई, हा फोटो ओळख पटवायला असतो. कीव यायला नाही."

"तुम्ही बटण दाबा हो काका! साहेबाला पाझर फुटायला हवा."

काकांनी बटण दाबलं. मी डावीकडे कललेला, माझ्यावर ती कललेली. असा रडका फोटो त्या दुकानात कधी निघाला नव्हता.

अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला, दुपार कलल्यावर, दोघी धावत आल्या. या वेळी नणंदेचा चेहरा पडलेला होता, खराखुरा.

"काका, नवा फोटो द्या, लगेच! संध्याकाळी खिडकी बंद. मग पुढच्या वर्षी. तोवर हिची सगळी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील."

झालं असं की कार्यालयात जायचं म्हणून वहिनी नीट केस विंचरून, कानातलं घालून, ताठ गेली. खिडकीवरच्या बाईंनी फोटो पाहिला, हिला पाहिलं, परत फोटो पाहिला. म्हणाल्या, "ज्यांचा अर्ज आहे त्यांनाच पाठवा." ही म्हणे, मीच ती. त्यांना काही पटेना. सरकारी काम, दुसरीच कुणी लाभ घेऊन गेली तर? पण बाई चांगल्या. म्हणाल्या, "नवा फोटो आणा. तुम्ही येईपर्यंत मी झडप ओढत नाही."

वहिनी माझ्यावर बसली.  काका म्हणाले, "नेहमीसारखं बघा." पण नेहमीसारखं कसं बघतात, हेच तिला आठवेना. एकदा डोळे मिटले, एकदा ओठ थरथरला. नणंद कोपऱ्यात रुमाल चावत उभी. 

आणि तेवढ्यात वहिनीचं बोट माझ्या फाटक्या कडेला लागलं.

बोट थांबलं. मग हळूहळू पूर्ण कडेवरून फिरलं. तिने खाली वाकून पाहिलं.

"काका, हे कुणी शिवलं होतं? कडेला रेक्झिन दुमडून घेतलंच नाहीये. मग फाटणारच! फळी ठणठणीत आहे, स्क्रूही छान आहे. आत फोम भरला ना, तर अजून वीस वर्षं..."

हे बोलताना ती ताठ झाली, मान वर करून तिने काकांकडे पाहिलं.

खटॅक.

"मिळाला," काका म्हणाले.

पुढे तिचा अर्ज मंजूर झाला आणि मोठं यंत्र आलं. हे मी ऐकलं ते उलटा होऊन. कारण एका सकाळी वहिनी आली, माझे पाय धरून मला उलटं काखोटीला मारलं आणि चालू पडली. मला वाटलं, संपलं, भंगारवाला! रस्ता, दुकानं, आभाळ, सगळं उलटं बघत गेलो. पोचलो तो नव्या यंत्रासमोर. त्यावर शिवलेलं पहिलं काम म्हणजे मी. मरून रंगाचं रेक्झिन, आत फोम, कडेला दुमड घालून दुहेरी शिवण. नणंद म्हणाली, "वहिनी, पहिलंच गिऱ्हाईक आणि तेही फुकटचं?"

"फुकट कुठे?" वहिनी हसली. "माझा फोटो त्यानेच काढला."

मित्रांनो, कुणाकुणाचे आभार मानू? भिंतीवरचा कागद खरवडणाऱ्या नणंदेचे, झडप न ओढणाऱ्या बाईंचे, आणि माझ्यात अजून वीस वर्षं बघणाऱ्या त्या हातांचे. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी डुगडुगत असेल. टाकायच्या आधी एकदा बोट फिरवून बघा. आणि घरच्या कुणाला सरकारकडून काही मिळण्यासारखं असेल, तर भिंतीवरचे कागद त्यांना वाचून दाखवा. कुणालातरी नखं लावावीच लागतात.

कालच एक आजोबा पेन्शनच्या फोटोला आले. बसले आणि सवयीने खांदे पाडायला लागले. पण मी आता कलत नाही. खालून घट्ट, सपाट धरून ठेवलं त्यांना. आजोबा जरा चपापले, मग हळूच सरळ झाले.

काकांना "उजवीकडे" म्हणावंच लागलं नाही.