ठकीने पसंत केलेली फरशी

माझ्या ताईच्या घरात पाऊल टाकलं की गादीवरून चालल्यासारखं वाटायचं. दारापासून न्हाणीपर्यंत, जिथे म्हणून माणूस पडण्याचा संभव, तिथे तिने काहीतरी मऊ अंथरलेलं. खाली गालिचा, त्यावर फोमच्या चटया, आणि चटयांवर जुन्या चादरींच्या घड्या. "कापसात गुंडाळलेल्या काचेच्या पेल्यासारखं वाटतं इथे," असं मी एकदा म्हणालो, तर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही कसला पेला, तुम्ही पिंप. पण पडलात तरी फुटायचे नाही, निर्धास्त राहा."

हा सगळा बंदोबस्त ठकीसाठी. ठकी म्हणजे ताईची लेक. बसवली की लाकडी बाहुलीसारखी बसून राहते म्हणून आजीनेच ठेवलेलं हे नाव. रांगायला लागली तेव्हा एकदा उघड्या फरशीवर आपटली आणि तिचा ओठ फुटला. पोरीचं रडणं घटकाभरात थांबलं, पण ताईच्या पोटात शिरलेली भीती तिथेच ठाण मांडून बसली. त्या दिवसापासून ठकीच्या अंगाखाली नुसती जमीन म्हणून आली नाही.

आता तिच्या बरोबरीची पोरं जिने चढत होती आणि ठकी ढुंगणावर सरकत घर फिरत होती. डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून, उलटसुलट बघून सांगितलं, "पायांत दोष नाही. उभी राहील." कधी, ते नारायणालाच ठाऊक. ताई रोज तिला काखेत धरून उभी करायची. चटईत पाय रुतायचे, गुडघे दुमडायचे, पोर खाली. मग ताई स्वयंपाकघरात जायची आणि धुतलेलीच भांडी परत धुवायची. आमच्यापैकी कुणालाच, अगदी मलासुद्धा, त्या चटयांचा संशय आला नाही. मायेने अंथरलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा तरी कसा?

इतक्यात गालिच्याखालची जुनी फरशी दगा देऊ लागली. पाय पडला की पोकळ वाजायची, कोपऱ्यांतून ओल चढली. घरभर नवी फरशी घालायचं ठरलं आणि काम लेव्हलकाकांकडे गेलं. खरं नाव काही वेगळं असणार, पण चहाचा कप ठेवायच्या आधीसुद्धा हा गृहस्थ टेबल सपाट आहे का ते लेव्हल ठेवून बघतो, त्याला दुसरं काय म्हणणार! त्यांची एक रीत होती. दुकानात फरशी पसंत करू द्यायची नाही. नमुने घरी आणायचे, व्हरांड्यात ओळीने मांडायचे, त्यांवर पाणी ओतायचं आणि अनवाणी तळवा घासून बघायचा. "दुकानात फरशी नाही, दिवे चमकतात," ते म्हणायचे.

तसे ते सकाळी आले, नमुने मांडले, पाणी शिंपडलं. आम्ही सगळे भोवती जमलो. ठकीला ताईने दारातल्या चटईवर बसवलं.

भावोजींचं पहिल्या फरशीवरच मन बसलं. पांढरी, लखलखीत. "हॉलला हीच! आरसा आहे आरसा."

"घाल बाबा," सासूबाई म्हणाल्या. "तुझं टक्कल वरून दिसतंच, आता खालूनही दिसेल."

"आई, पाहुण्यांसमोर?"

"पाहुणे कुठले? मामा आहेत. त्यांचं काय कमी आहे का!"

काका हसत पुढे सरकले. स्वयंपाकघरात तेल सांडणार, भांडं पडणार, तर तिथे ही करड्या ठिपक्यांची. झोपायच्या खोलीत लाकडाची पट्टी, सकाळी पायाला गार लागत नाही. न्हाणीला ही खरखरीत, साबण सांडला तरी पाय धरून ठेवते. प्रत्येक नमुन्यावर ते डोळे मिटून तळवा घासत होते.

"सूनबाई, तू बोल की," सासूबाई म्हणाल्या.

ताई म्हणाली, "काहीही घाला. वरून मी चटया अंथरणारच आहे."

भावोजींनी विषय बदलायला पुन्हा पांढऱ्या फरशीचं कौतुक मांडलं, आणि आमची परत जुंपली.

हा झाला पूर्वरंग. पुढचं सांगताना आजही अंगावर काटा येतो.

ठकी चटईवरून कधी उतरली ते कुणी पाहिलं नाही. माझी नजर गेली तेव्हा ती न्हाणीच्या खरखरीत फरशीपाशी पोचली होती. आधी तिने तळहात टेकला, मागेपुढे घासला. मग पाय पुढे केला. जमीन न पाहिलेला, लोण्याच्या गोळ्यासारखा पाय! काकांसारखेच डोळे मिटून तिने तो ओल्या दगडावर घासला. आणि मी पाहिलं, तिची बोटं वळली. इवलीइवली बोटं, त्यांनी दगडाला धरलं. कुणी शिकवलं होतं त्यांना? ज्याने ती घडवली त्यानेच आधी कानात सांगून ठेवलेलं असणार. दुसरा पायही तिथे आला. ढुंगण उचललं. हात सुटले.

ठकी उभी होती.

ताईच्या घशातून आवाज निघाला आणि ती झेपावली, पण वाटेतच थांबली. गुडघ्यांवर, हात पसरून. आपण धरलं तर पोर पुन्हा बसेल, हे तिला त्या क्षणी उमगलं असावं. पसरलेले हात तिने पुढे नेले नाहीत.

ठकीने पाय उचलला. समोर ओली, पांढरी, लखलखीत फरशी.

भावोजी जमिनीवर लोळणच घेत गेले आणि ती दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली. "काका, आरसा परत न्या," ते कुजबुजले आणि तिथे ठिपक्यांची फरशी सरकवली. ठकीचा पाय तिच्यावर पडला. सासूबाईंनी, कंबर दुखते म्हणून वाकायचं सोडून दिलेल्या त्या बाईने, खाली बसून पुढे लाकडाची पट्टी ढकलली. मागे रिकामी झालेली खरखरीत फरशी काकांनी उचलून पुढे आणली. पोर चालत होती आणि आम्ही मोठी माणसं ढोपरांवर रांगत तिच्यापुढे जमीन मांडत होतो.

मग नमुने संपले. पुढे नुसता व्हरांडा, टणक, उघडा. आणि त्यापलीकडे ताई.

मी घाईने चटई उचलून मध्ये टाकली. ताईने ती ओढून मागे भिरकावली. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

ठकी उघड्या जमिनीवर आली. एक पाऊल पडलं, दुसरं लटपटलं, आणि ती धप्पकन बसली. ओठ थरथरला. सगळे ताईकडे बघत होते. ठकीही बघत होती.

"लागलं का गं?" ताईने बसल्या जागेवरूनच विचारलं.

ठकीने विचार केला. मग जमिनीवर तळहात टेकला, मागेपुढे घासून पाहिला, आणि ढुंगण उचलू लागली. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण दोन्ही हात तिने मांडीखाली घट्ट दाबून धरले होते.