सहादेवचा गुडघा

खाजाभाई वस्तादांच्या पत्राला डॉक्टर गंध्यांनी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. सोनईच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं दोन ओळींचं पत्र. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही शिकलेले. खरं सांगा, माझ्या चोळण्यानं पोराचा पाय गेला का?’

पोर म्हणजे सहादेव, त्यांच्या तालमीतला एकोणीस वर्षांचा पैलवान. सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात त्याचा गुडघा सुजला. त्याची आई लंकाबाई हिनं नेवाशाहून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तालमीतच, कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावर, गुडघा दाबून पाहिला. वस्ताद शेजारीच उभे.

“कधी दुखतो?”

सहादेवनं आधी वस्तादांकडं पाहिलं. “डाव मारताना. जरासा.”

“जरासा? आन् त्यासाठी आईनं डॉक्टर आनला व्हय रं? नवरीगत पाय जपतोय!” खाजाभाई म्हणाले. सगळी तालीम हसली, सहादेवही हसला.

वस्तादांसमोर पैलवान दुखणं कबूल करत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्याला बाजूला घेऊन विचारावं, असं मनात आलंही. पण त्या आडदांड माणसांत जीभ रेटेना. मुरगळलाय, गरम तेलानं चोळा, एवढं सांगून ते टांग्यात बसले.

खाजाभाईंनी दोन महिने रोज स्वतः चोळलं. सूज वाढतच गेली. नगरला एक्स-रे फोटो काढला, तर हाडात गाठ. पाय मांडीतून कापला. तेव्हा लंकाबाई बोलली, “पडल्या पडल्या रातभर ठनकायचा वो. वस्तादाला सांगू नगं म्हनला.” दिवाळीआधी सहादेव गेला.

आणि आज सोनईच्या त्याच तालमीतला बन्सी कानाची सूज दाखवायला आला होता.

“तालीम कशी आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुलूप हाय. वस्ताद कुनाच्या अंगाला हात लावत न्हाईत. लेक नातू मांडीवर द्यायला गेली, तर हात मागं घेतले.”

बन्सी गेल्यावर डॉक्टर लिहायला बसले. पहिले तीन कागद पुस्तकी शब्दांनी भरले; ते त्यांनी फाडले. चौथ्यावर लिहिलं:

‘खाजाभाई, चोळण्यानं गाठ होत नाही. ती आधीच होती. चोळा असं मीच सांगितलं, ते चुकलं. दुखणं ओळखणं माझं काम होतं. एक प्रश्न एकांतात विचारायचा मी टाळला. वेळेत कळतं तर तो वाचला असता का, ते मला सांगता येत नाही. मास्तरांना हे लंकाबाईंनाही वाचून दाखवायला सांगा.’

पुन्हा वाचलं तर धीर सुटेल, म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं आणि भर उन्हात जाऊन ते टपालपेटीत टाकलं.